मुलांच्या मनातील उलटीचे भय : एक अभ्यास

शीर्षक वाचून काही वाचकांना हसू येण्याचा संभव आहे. उलटी ही काय भिण्याची गोष्ट झाली? झाली, चूळ भरली, लिंबाची फोड चोखली, संपले. बहुसंख्य माणसांच्या बाबतीत हे खरेच आहे. परंतु काही मुले अशी असतात की, त्यांना अंधाराचे, कुत्र्याचे किंवा मास्तरांच्या छडीचे जेवढे भय वाटत नाही, तेवढे स्वतःला किंवा शेजारच्याला उलटी होण्याचे वाटते. या भयापायी ती जेवण तोडतात, एस. टी.त बसत नाहीत, सहलीला जात नाहीत आणि शेवटी शाळेत जाणेही सोडतात. घरची मंडळी म्हणतात, मूल हट्टी आहे, लाडावलेले आहे, अभ्यासाची टाळाटाळ करते. मूल मात्र आतल्या आत झिजत असते. एकेका मुलाच्या शिक्षणासाठी ज्या घरांनी पोटाला चिमटा घेतला, त्या घरातले मूल असल्या कारणाने शाळेबाहेर पडावे, आणि ते का पडले हे कोणाला कळूही नये, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. म्हणून यंदा हा विषय अभ्यासाला घेतला.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. बी. ए. ला मानसशास्त्र वाचलेल्या आणि बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने जेवढे वाचावे, पाहावे, तेवढेच आमचे भांडवल आहे. ते वाचकांनी तेवढ्याच किमतीला घ्यावे.

नावड आणि भयविकार

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. उलटी कोणालाच आवडत नाही. शिवाय एखादा पदार्थ खाऊन एकदा उलटी झाली की, तो पदार्थ वर्षानुवर्षे नको वाटतो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. लग्नातले श्रीखंड बाधले की पुढे श्रीखंडाचा वासही सहन होत नाही. जॉन गार्सिया या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली उंदरांवर प्रयोग करून हे दाखवून दिले. सॅकरिनचे गोड पाणी पिताना ज्या उंदरांना किरणोत्साराने आजारी पाडले, ते पुढे त्या गोड पाण्याला तोंड लावीनासे झाले. (गंमत अशी की, उंदराला मुळात ओकताच येत नाही. म्हणूनच आपण ठेवलेले विषारी औषध एकदा पोटात गेले की ते बाहेर पडत नाही.) ही नावड त्या पदार्थापुरती असते. तिच्यामुळे कोणाचे आयुष्य अडत नाही.

भयविकारात मात्र पदार्थ बाजूला राहतो आणि उलटी ही क्रियाच शत्रू होऊन बसते. इंग्रजीत यास इमेटोफोबिया असे नाव आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या मनोविकारांच्या पाचव्या वर्गीकरणात उलटीच्या भयाची गणना ‘विशिष्ट भय’ या गटात केली आहे. भय सर्वसाधारणपणे सहा महिने वा अधिक काळ टिकलेले असावे आणि त्यामुळे दैनंदिन जीवनात अडथळा येत असावा, अशी कसोटी तेथे आहे. बहुतेकांच्या बाबतीत या भयाची सुरुवात बालपणीच, दहा वर्षांच्या आगेमागे होते. मुलग्यांपेक्षा मुलींत ते जास्त आढळते. वेळीच लक्ष दिले नाही तर मोठेपणीही ते सोबत करते. गरोदरपणातील उलट्यांच्या धास्तीने मातृत्वाचाच विचार टाळणाऱ्या स्त्रिया असल्याचे तज्ज्ञांनी नोंदवले आहे. म्हणजे दहाव्या वर्षी दुर्लक्षिलेली गोष्ट पंचविसाव्या वर्षी संसारात उभी राहते.

सगळीच भीती खोटी असते असेही नाही. दिनांक १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात एका शाळेतील मध्यान्ह भोजनातून कीटकनाशक पोटात गेले आणि २३ मुले दगावली. अशी बातमी ऐकून एखाद्या मुलाने आठ दिवस शाळेतली खिचडी नाकारली तर तो शहाणपणा म्हणावा. पण सहा महिन्यांनंतर ते मूल आईच्या हातची ताजी भाकरीही तीनदा हुंगून पाहत असेल, तर तेथे काहीतरी वेगळे घडते आहे असे समजावे.

शरीरात काय घडते

विद्यार्थी मित्रांनो, ज्याची भीती वाटते ते नीट समजून घेणे उपयोगाचे असते. उलटी हा रोग नव्हे. ती शरीराची संरक्षणाची युक्ती होय. मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या अंगाला, लंबमज्जा नावाचा भाग आहे. उलटीचा कारभार तेथून चालतो. या कचेरीकडे चार वाटांनी निरोप येतात. पहिली वाट पोटाची : जठर व आतडी बिघडली की व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूवरून खबर जाते. दुसरी वाट रक्ताची : रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एरवी जो संरक्षक पडदा असतो, तो या ठिकाणी एका चिमुकल्या भागात विरळ आहे, त्यामुळे रक्तातील विषारी द्रव्याची चाहूल तेथे लागते. तिसरी वाट कानाच्या आत असलेल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची आहे. गाडी लागते ती या वाटेने. चौथी वाट खुद्द मोठ्या मेंदूची, म्हणजे वास, दृश्य, आठवण आणि भीती यांची.

उलटीच्या वेळी आपला श्वास कोंडून आपण मरू, असे कित्येक मुलांना वाटते. त्यांना हे अवश्य सांगावे की, शुद्धीवर असलेल्या निरोगी माणसाच्या श्वासनलिकेचे तोंड त्या क्षणी आपोआप मिटते आणि टाळूचा मऊ भाग वर उचलला जातो. उलटीपूर्वी तोंडाला जे पाणी सुटते, ते पोटातील आम्लापासून दातांचे रक्षण करते. एवढी व्यवस्था निसर्गाने करून ठेवली आहे.

आता चौथ्या वाटेकडे पुन्हा वळू. आमच्या मते सगळी मेख तेथे आहे. भीती वाटली की शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागते. छाती धडधडते, हात गार पडतात, जठराचे काम मंदावते, पोटात गोळा येतो, ढवळते. परीक्षेच्या सकाळी पोटात होणारी कालवाकालव कोणाला ठाऊक नाही? ज्या मुलाला उलटीचे भय आहे, त्याला या ढवळण्याचा एकच अर्थ कळतो : “आता मला होणार!” त्या विचाराने भीती वाढते, भीतीने ढवळणे वाढते, आणि ढवळण्याने पुन्हा भीती. वास्तविक ही मुले इतरांपेक्षा जास्त ओकतात असे नाही. कित्येकांना तर वर्षानुवर्षे उलटी झालेलीच नसते. पण ती झाली नाही याचे श्रेय मूल आपल्या सावधगिरीला देते. मी जेवलो नाही म्हणून वाचलो, मी बसमध्ये बसलो नाही म्हणून वाचलो. मग सावधगिरी आणखी वाढवावी लागते.

आमच्या बँकेच्या काउंटरवर असे ग्राहक येतात की जे एका सावकाराचे व्याज भागवण्यासाठी दुसऱ्याकडून कर्ज काढतात. आजचा तगादा टळतो, पण मुद्दल वाढत जाते. भय टाळण्याचा व्यवहार अगदी असाच आहे. आजची एस. टी. चुकवली की आज सुटल्यासारखे वाटते, उद्याची एस. टी. दुप्पट भयानक होते.

आणि या कर्जाला जामीन कोण राहते? आईबापच. “आई, मला उलटी नाही ना होणार?” असे मूल विचारते. आई मायेने म्हणते, “नाही रे राजा, काही होणार नाही.” मुलाला पाच मिनिटे बरे वाटते. सहाव्या मिनिटाला तोच प्रश्न पुन्हा. दिवसातून वीस वेळा, तीस वेळा. आई थकते, चिडते, शेवटी मुलाला घरीच ठेवते. यात आईचा दोष काढण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. लेकराचे तोंड उतरलेले पाहून कोणती आई गप्प बसेल? परंतु प्रत्येक वेळी दिलेल्या या आश्वासनातून मूल नकळत असे शिकते की, उलटी ही खरोखरच इतकी भयंकर गोष्ट आहे की आईलाही ती होणार नाही असेच सांगावे लागते.

ओळखावे कसे

आमच्या परिचयातील एका घरचे उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. मुलगी आठवीत, हुशार, घाटाखालच्या गावातून रोज एस. टी.ने तालुक्याच्या हायस्कूलला जाणारी. एकदा पावसाळ्यात खिडक्या बंद असलेल्या गाडीत शेजारच्या बाईंना उलटी झाली आणि तिच्या दप्तरावर उडाली. बस्स, एवढेच निमित्त. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळची भाकरी सोडली, कारण पोट रिकामे असले तर काही पडणार नाही. मग डबा तसाच परत येऊ लागला. गाडीत ती उभ्याने, दाराजवळ, नाकाला रुमाल लावून जाऊ लागली. शिळे अन्न तर नाहीच, पण डोळ्यांदेखत शिजवलेलेही ती आधी धाकट्या भावाला खायला लावी आणि अर्धा तास त्याच्याकडे पाहत बसे. दिवसातून दहा-पंधरा वेळा हात धुणे सुरू झाले. घरात ‘उलटी’ हा शब्द उच्चारण्यास बंदी झाली. सगळे जण ‘तसं होणं’ असे म्हणू लागले. चार महिन्यांत तिचे वजन इतके उतरले की शाळेचा गणवेश अंगावर लोंबू लागला. दिवाळीनंतर ती शाळेत गेलीच नाही.

या एका उदाहरणात बहुतेक सर्व लक्षणे आली आहेत. आणखी काही मुले पाकिटावरची तारीख पुनःपुन्हा वाचतात, वर्गात दाराजवळचाच बाक मागतात, आजारी भावंडाच्या खोलीत पाऊल टाकीत नाहीत, उलटीची गोळी खिशात असल्याशिवाय उंबरा ओलांडीत नाहीत. किशोरवयीन मुले तर हे सर्व शिताफीने लपवतात. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचे नसले की डोके दुखते, सहल आली की पाय मुरगळतो.

निदानात घोटाळे होतात ते येथेच. मुलगी जेवत नाही, बारीक होत चालली आहे, म्हणजे तिला सडपातळ व्हायचे असेल, असा समज होतो. पण बारीक होण्याच्या वेडात स्वतःच्या आकाराविषयी असमाधान असते. या मुलीला भूक लागते, तिला जाड होण्याची भीती नसते. हात धुण्यावरून मंत्रचळ वाटतो, आणि काहींना तो बरोबरीने असतोही. काही मुलांत खाण्याची टाळाटाळ इतकी वाढते की तो स्वतंत्र आहारविकार ठरतो. वरील २०१३ च्या वर्गीकरणात त्यालाही जागा दिलेली आहे. हा निवाडा डॉक्टरांनी करावयाचा. मात्र मनाचा आजार म्हणण्यापूर्वी पोटाचा, काविळीचा, मूत्रमार्गाच्या दोषाचा तपास झालाच पाहिजे. सगळेच मनाचे खेळ म्हणून सोडून देणे हाही तितकाच अडाणीपणा होय.

वरील मुलीच्या बाबतीत पहिले चार महिने कोठे गेले असतील याची कल्पना वाचकांना आलीच असेल. दृष्ट काढून झाली, अंगारा झाला, कोणीतरी सांगितले म्हणून एका देवऋषाकडे दोन खेपा झाल्या आणि त्याने कोंबड्याचे पैसे घेतले. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण कायदा माजघरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

किळस कोण शिकवते

या विषयाची एक बाजू पुस्तकांत थोडक्यात येते, पण आपल्या समाजात तिच्याविषयी अधिक बोलले पाहिजे. उलटीच्या भयात नुसती भीती नसते, किळसही असते. आणि किळस ही भावना जन्मतः तयार होऊन येत नाही. रांगते मूल माती, शेण, काहीही तोंडात घालते. कशाची किळस करायची हे ते मोठ्यांच्या चेहऱ्यावरून शिकते.

वर्गात एखादे मूल ओकले की, ते पुसायला कोणाला हाक मारली जाते? आमच्या पिढीतील अनेकांना याचे उत्तर ठाऊक आहे. गुरुजींना त्या वेळी नेमके कोणाचे आडनाव आठवत असे, हेही ठाऊक आहे. ज्या मुलाने हे पाहिले, त्याच्या लेखी उलटी ही नुसती घाण राहत नाही, ती अप्रतिष्ठा होते. ज्याला उलटी झाली त्याला वर्षभर चिडवायचे, आणि ज्याने पुसली त्याला खालचे समजायचे, अशा वर्गात हे भय फोफावले नाही तरच नवल. म्हणून शाळेत राखेची वा मातीची एक बादली, फडकी आणि साबण ठेवावा आणि साफ करण्याची पाळी गुरुजींसकट सर्वांची असावी. काम झाल्यावर सर्वांनीच साबणाने हात धुवावेत, कारण काही उलट्या संसर्गाच्या असतात. विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजवले. ही कथा आपल्या बालवर्गात सांगितली जाते. बादली आणि फडके समोर ठेवून ती सांगितली तर अधिक बरे.

उपाय

भय हळूहळू, पायरीपायरीने घालवता येते, हा शोध शंभर वर्षांचा झाला. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा दूर ठेवायचा, रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हाताने कुरवाळू लागला. पुढे दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्प यांनी या मार्गाला शास्त्रीय शिस्त लावली; त्यांचे पुस्तक १९५८ साली निघाले. आजच्या विचार-वर्तन उपचारपद्धतीचा कणा हाच आहे. उलटीच्या भयावरही मुख्यतः हीच पद्धत वापरतात. भय फार तीव्र असेल, सोबत खिन्नता असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात.

वरील मुलीला अखेर जिल्हा रुग्णालयात नेले तेव्हा तेथील समुपदेशक ताईंनी तिच्याबरोबर बसून एक शिडी तयार केली. सर्वांत खालची पायरी कोणती, तर वहीत ‘उलटी’ हा शब्द लिहिणे. हसू नका, पहिल्या दिवशी तिचा हात थरथरत होता. मग तो शब्द मोठ्याने वाचणे. मग चित्र काढणे. मग भावाने ओकण्याची नक्कल करायची आणि हिने कान न झाकता ऐकायची. (धाकट्या भावाने हे काम फारच आवडीने केले असे ऐकतो.) मग भिजवलेले पोहे डाळीच्या पाण्यात कालवून मोरीत ओतायचे आणि पाहत उभे राहायचे. मग जागच्या जागी गोल फिरून मुद्दाम गरगरल्यासारखे करून घ्यायचे, म्हणजे ढवळले तरी उलटी होतेच असे नाही हे कळते. मग स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीत बसणे, मग एक थांबा, मग दोन थांबे, मग अर्धी भाकरी खाऊन दोन थांबे. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचे, मध्येच पळायचे नाही. ही अट महत्त्वाची आहे. भीतीची लाट चढते, टिकते आणि उतरते. ती उतरताना मुलाने तेथे हजर असले पाहिजे. तिला पुन्हा शाळेत बसायला जून उजाडला. एक वर्ष गेले. अजूनही ती खिडकीजवळची जागा शोधते, पण जाते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. काही उत्साही वडीलधारी मंडळी “एकदा बोटे घालून ओकायला लावा, भीती मोडेल” असा सल्ला देतात. असे कदापि करू नये. शिडी मुलाच्या संमतीने चढायची असते. मागून ढकलले तर मूल पडते आणि पुन्हा शिडीकडे पाहत नाही.

आईबापांनी काय करावे, याविषयी अमेरिकेतील येल विद्यापीठात एली लेबोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपयुक्त प्रयोग केला. ७ ते १४ वयाच्या १२४ चिंताग्रस्त मुलांपैकी काहींना नेहमीची उपचारपद्धती दिली. काहींच्या बाबतीत मुलांना हातही न लावता फक्त पालकांना शिकवले. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, दुसरा मार्ग पहिल्यापेक्षा कमी पडला नाही. पालकांना शिकवले ते थोडक्यात असे : मुलाच्या भीतीची चेष्टा करायची नाही, आणि भीतीची चाकरीही करायची नाही. “मला नाही ना होणार?” या प्रश्नाला “नाही होणार” असे उत्तर देण्याऐवजी “तुला भीती वाटतेय हे मला कळतं. तुला ती सोसता येईल,” एवढेच म्हणायचे. दहा वेळा विचारले तर दहाव्या वेळीही आवाज न चढवता तेच. हा बदल करण्यापूर्वी मुलाला शांतपणे सांगून ठेवावे, एकाएकी तोंड फिरवू नये. पहिले काही दिवस मूल जास्त रडते, आदळआपट करते. आजी असेल तर ती मध्ये पडते. म्हणून आजीला आधीच विश्वासात घ्यावे.

शिक्षकांसाठी दोन शब्द. अशा मुलाला पूर्ण सूट देऊ नका आणि सर्वांसमोर टोचूही नका. प्रारंभी दिवसातून तीन वेळा बाहेर जाण्याच्या तीन चिठ्ठ्या द्याव्यात, पुढच्या पंधरवड्यात दोन, मग एक. बहुतेक मुले शेवटची चिठ्ठी नुसती कंपासपेटीत ठेवून देतात.

गाडी लागणे हा निराळा विषय आहे, पण त्यातून भय सुरू होते म्हणून थोडे सांगतो. कान सांगतो शरीर हलते आहे, डोळे पुस्तकात असल्यामुळे म्हणतात स्थिर आहे. या तंट्यातून मळमळ होते. दोन वर्षांखालील मुलांना हे सहसा होत नाही, शाळकरी वयात सर्वांत जास्त होते आणि पुढे बहुतेकांचे कमी होत जाते. कुंभार्लीसारख्या वळणांच्या घाटात मुलाला पुढच्या बाजूला बसवावे, दूरवर पाहायला सांगावे, वाचू किंवा मोबाईल पाहू देऊ नये, पोट तुडुंब भरलेले नसावे आणि अगदी रिकामेही नसावे. आलेपाक, आवळासुपारी जरूर द्यावी. पण ‘ती नसेल तर मी जाणारच नाही’ इथपर्यंत गोष्ट गेली की तीच भीतीची काठी बनते.

खरी उलटी झाली तर

मुलाला खरोखरच उलटी झाली तर घरच्यांचा चेहरा हाच पहिला उपचार असतो. धावपळ, ओरडा, “अगं बाई गं!” हे टाळावे. खरा धोका अंगातील पाणी कमी होण्याचा असतो. दहा मिनिटे थांबून क्षार-साखरेचे पाणी (ओ. आर. एस.) चमच्याने, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने द्यावे. पाकिटावर लिहिलेल्या मापाएवढेच उकळून गार केलेले पाणी घ्यावे, अंदाजपंचे नको. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर याच पाण्यावर असंख्य जीव वाचवले. उलटीत रक्त किंवा हिरवे पित्त असेल, डोक्याला मार लागल्यानंतर उलटी झाली असेल, सोबत तीव्र डोकेदुखी वा पोटदुखी असेल, मूल गुंगीत असेल, डोळे खोल गेले असतील किंवा सात-आठ तास लघवी झाली नसेल, तर तडक दवाखाना गाठावा. भयग्रस्त मुलालाही ही यादी समजावून सांगावी. काय धोक्याचे हे ठरलेले असले की बाकीचे धोक्याचे नाही, हेही ठरते.

मनाच्या दवाखान्याचे नाव काढले की आपल्याकडे “ठाण्याला पाठवा, येरवड्याला न्या” अशी थट्टा होते. या भयासाठी मनोरुग्णालयात दाखल होण्याची सहसा गरज नसते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून बसावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे; त्यावर पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. पहिल्या भेटीला जाताना आठ दिवसांची एक साधी टिपणवही न्यावी : मुलाने काय खाल्ले, काय टाळले, कोठे जायचे नाकारले, आणि “मला नाही ना होणार?” हा प्रश्न किती वेळा विचारला. वजन आणि उंची शाळेच्या नोंदीतून घ्यावी. मुलाला “सहज फिरायला जाऊ” असे खोटे सांगून नेऊ नये. कोणाकडे आणि कशासाठी जात आहोत ते आदल्या रात्री सांगावे, आणि सांगताना तो शब्द ‘उलटी’ असाच उच्चारावा.